डागवालीची दुतोंडी पेटी

कुलपं-किल्ल्यांच्या त्या दुकानाची रुंदी जेमतेम सात फूट. त्यातले चार फूट नवऱ्याचे आणि तीन बायकोचे. नवऱ्याच्या बाजूला भिंतभर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या, कानशी आणि किल्ली कापायचं घरघरणारं यंत्र. बायकोच्या बाजूला भिंग लावलेला दिवा, सोल्डरिंगची लेखणी, कथलाच्या तारेचं रीळ आणि पोटं उघडून पडलेले चार-सहा फोन. कथलाचे डाग देते म्हणून रस्त्यावरचे लोक तिला डागवाली म्हणत. कपड्यावरचा डाग काढून मिळेल का, असं विचारत आठवड्याला एखादं गिऱ्हाईक येई, आणि ती भिंगातून मान वर न करता सांगे की आम्ही डाग देतो, काढत नाही.

हा हात तिला कारखान्यानं दिला होता. बहिऱ्या माणसांच्या कानात बसवायची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात ती अठराव्या वर्षी लागली. मोहरीएवढ्या भागांना डाग देता देता आठ वर्षं गेली, मग तिला तपासणीच्या खोलीत बसवलं. तिथल्या म्हाताऱ्या पर्यवेक्षकाला शिकवायची हौस होती आणि शिकणारं कुणी नव्हतं. डागवालीला प्रश्न पडायचे आणि विचारायला कुणी नव्हतं. दोघांचं जमलं. कॉलेजची पायरी न चढता ती विद्युत मंडलाचे, म्हणजे सर्किटचे, नकाशे वाचायला लागली, एखादी सुगरण पदार्थ नुसता बघून त्यात काय कमी पडलंय ते सांगते तसे. एकूण सव्वीस वर्षं झाली आणि मग कारखान्यात आपोआप भाग बसवणारी यंत्रं आली. एकतीस बायका एकाच दुपारी घरी गेल्या. डागवाली आपला भिंगाचा दिवा काखेत मारून नवऱ्याच्या दुकानात आली. नवऱ्यानं काही न बोलता आपलं कुलपांचं कपाट तीन फूट सरकवलं. तो मुळातच कमी बोलणारा माणूस. त्याच्या वाटणीचं सगळं बोलणं त्याची बहीण बोलून टाकते, असं डागवालीचं मत होतं.

ही बहीण, म्हणजे डागवालीची नणंद, ध्वनिसंग्रहालयात नोकरीला होती. जुने टेप ऐकायचे, कोण बोलतंय, काय बोलतंय, आवाज कुठे तुटलाय ते लिहून ठेवायचं, हे तिचं बावीस वर्षांचं काम. कान असे तिखट की जिन्यात उभी राहून ती सांगे, आत कुठला नळ गळतोय ते. आणि ऐकलेलं मनात ठेवायची सवय नव्हती. पंखा करकरतोय, कपाटाचं दार ओरडतंय, वहिनी तुझ्या चमच्याचा कपावर फार आवाज होतो. दोघींत भांडण असं कधी झालं नाही. पण भांडण नाही म्हणजे गोडीगुलाबी होती, असंही कुणी म्हटलं नसतं.

एके दिवशी सकाळी ही नणंद दुकानात आली आणि तिनं एक जुना, भलाथोरला हेडफोन डागवालीपुढे आपटला. आवाज न करता आपटला, हे विशेष. संग्रहालयातले टेप आता संगणकात आले होते आणि ऐकणाऱ्यांना गावोगावच्या शाखांत, कधी लोकांच्या घरी जाऊन काम करावं लागत होतं. पूर्वीची कपाटाएवढी यंत्रं बरोबर नेता येत नव्हती. हेडफोन मात्र जुनेच उत्तम होते, पण त्यांची भूक मोठी. फोनला लावले की हत्तीपुढे मूठभर दाणे टाकल्यासारखं होई. आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा यायचा. संग्रहालयानं म्हणून चाळीस छोट्या पेट्या घ्यायचं ठरवलं होतं. खिशात मावणारी पेटी, जी फोनमध्ये आकड्यांच्या रूपात साठवलेल्या टेपचा परत आवाज करील आणि त्या आवाजाला हेडफोन हलवण्याएवढं बळ देईल. पाच महिन्यांनी चाचणी होती. नमुना कुणीही पाठवावा, पेटीवर फक्त क्रमांक असेल, आणि निवड ऐकणारेच करतील.

नणंदेनं हे सगळं तक्रार म्हणून सांगितलं. आता कुठलं तरी भंगार आमच्या गळ्यात पडणार, हा तिचा मुद्दा. डागवालीनं ते वेगळंच ऐकलं. नणंद गेल्यावर तिनं तो हेडफोन उलटापालटा केला, त्याच्या तारेच्या टोकाचं बोंड उघडलं आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, एवढीशी डबी तुम्हाला अ‍ॅल्युमिनियमची करता येईल का?" त्यानं तिच्या बोटांमधलं अंतर बघितलं आणि मान हलवली.

पहिली पेटी दीड महिन्यात झाली. आवाज मोठा होता, स्वच्छ होता. डागवाली मनातून खूश होती. नणंदेनं हेडफोन चढवला, डोळे मिटले आणि अर्ध्या मिनिटात उतरवला. "वहिनी, डावीकडचा माणूस उजवीकडे डोकावतोय," ती म्हणाली.

डागवालीला राग आला, पण नणंदेच्या कानांवर अविश्वास दाखवायची तिची छाती नव्हती. तिनं मोजमाप केलं. खरंच डोकावत होता. नेहमीच्या हेडफोनला तीन तारा असतात. डाव्या कानाची एक, उजव्या कानाची एक, आणि दोघांचा प्रवाह परत न्यायला तिसरी सामाईक. ही तिसरी तारच घोळ घालत होती. नवऱ्याला तिनं सांगितलं की दोन घरांचं सांडपाणी एकाच नाल्यात सोडलं, की एकाचं पाणी तुंबून दुसऱ्याच्या न्हाणीत वर येतं, तसं झालंय. नवरा म्हणाला, "मग नाले दोन कर."

हेच तिच्याही मनात होतं. याला या धंद्यात बॅलन्स्ड रचना म्हणतात. प्रत्येक कानाला स्वतःच्या दोन तारा, एकूण चार. आणि प्रत्येक कानाला ताकद देणारे दोन जोडीदार. एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. ओली चादर एकट्यानं पिळली तर हात भरून येतात आणि पाणी तसंच राहतं. दोन टोकांना दोघं उभे राहून उलट्या दिशांनी पिळायला लागले की चादर कोरडी. डागवालीनं नणंदेच्या हेडफोनची जुनी दोरी कापली, चार तारांची नवी बसवली आणि दुसऱ्या पेटीला लागली.

दुसरी पेटी लावून नणंद बसली आणि चार मिनिटं बोललीच नाही. तीस वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं. किल्लीचं यंत्र थांबवून नवरासुद्धा बघत राहिला. मग तिनं पर्समधून आपला रोजचा, कानात घालायचा चिमुकला इअरफोन काढला. त्यालाही डागवालीनंच मोठ्याबरोबर चार तारा लावून दिल्या होत्या. तो तिनं पेटीला जोडला, आणि तिच्या कपाळावर आठी आली. काही वाजत नसतानाही आत किटली उकळायच्या बेतात असावी तसा सूर येत होता. त्यावर कडी म्हणजे तिसऱ्या तासाला बॅटरीनं मान टाकली.

आता मात्र डागवाली खचली. आठ दिवस तिनं पेटीला हात लावला नाही, लोकांचे फोन दुरुस्त करत राहिली. दोन जोडीदार म्हणजे दुप्पट बळ, हे खरं. पण त्या दोघांची कुजबुजही दोघांची, आणि खाणंही दोघांचं. मोठ्या हेडफोनला ती कुजबुज ऐकू जात नाही. चिमुकला इअरफोन मात्र इतका हळवा की त्याला श्वाससुद्धा ऐकू जातो. नावातच तोल असलेल्या या रचनेचा तोल एकाच बाजूला झुकत होता.

तोडगा तिला भांडी घासताना सुचला आणि तो इतका साधा होता की तिचं तिलाच हसू आलं. भूक वेगळी तर ताट वेगळं. पेटीला दोन तोंडं ठेवायची. थोरल्या हेडफोनसाठी चार तारांचं, त्यात ताकद देणारे चारही कामकरी हजर. चिमुकल्यासाठी नेहमीचं तीन तारांचं. तिथे प्रत्येक कानामागे एकच कामकरी, तोही हलक्या हातानं काम करणारा, आणि बाकीचे झोपलेले, म्हणजे बॅटरीही वाचते. सामाईक तारेचा घोळ तिथे राहणार होता, पण एवढ्याशा प्रवाहात तो नणंदेच्या कानांनाही सापडत नव्हता. नणंदेनं तिसरी पेटी दोन्ही तोंडांनी तासभर ऐकली. "दुतोंडी माणसांवर माझा विश्वास नाही," ती म्हणाली, "पण ही पेटी चालेल."

नणंदेच्या तोंडून 'चालेल' म्हणजे दुसऱ्या कुणी आरती ओवाळल्यासारखंच.

एव्हाना पेटीची बातमी रस्ताभर झाली होती आणि सल्ल्यांना ऊत आला होता. झेरॉक्सवाल्याला रंगीत पडदा हवा होता. समोरच्या फोनवाल्याचं म्हणणं, बिनतारी नसेल तर आजकाल कुत्रं विचारत नाही. शिंपीणबाईंनी आवाजाच्या तालावर लुकलुकणारे दिवे सुचवले. डागवालीनं एका पुठ्ठ्यावर सगळं लिहून काढलं आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहिला: हे ऐकणाऱ्याच्या कामाचं आहे का? पडदा बॅटरी खातो, गेला. दिवे गेले. बिनतारीचा भाग मंडलाच्या इतका जवळ बसणार होता की त्याचीच टिरटिर आवाजात शिरली असती, तोही गेला. राहिलं काय? आवाजाचं एक चाक. कमी-जास्त बळाची एक कळ, तीही खाचेत बसवलेली, म्हणजे पिशवीत ढकलाढकलीनं सरकू नये. बॅटरी भरायला एक भोक आणि फोनची तार लावायला दुसरं. भरता भरता ऐकलं तरी कानात शिट्टी वाजू नये म्हणून दोन्हींचे रस्ते वेगळे. नवऱ्यानं अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा कोरून डबी केली आणि तिच्या कडा कानशीनं इतक्या गोल केल्या की हातात धरली की सोडवेना. बॅटरी आता नऊ तास पुरत होती.

चाचणीला अठरा दिवस राहिले असताना तिसरी पेटी जळाली.

जाळली ती नणंदेनं. संग्रहालयात ऐकून बघायला म्हणून ती पेटी घेऊन गेली होती. तिथला एक हेडफोन जुन्याच तीन तारांचा होता. तो चार तारांच्या तोंडात जावा म्हणून तिनं कुठला तरी मधला जोडतुकडा शोधला आणि बसवला. त्या तुकड्यात दोन्ही कानांच्या परतीच्या तारा एकत्र येऊन एकमेकींना भिडल्या. ढकलणारे-ओढणारे कामकरी एकमेकांवर आपटावेत तसं झालं. जळका वास आला आणि संपलं.

तीन दिवस दोन्ही घरांत निरोप नवऱ्यामार्फत गेले, म्हणजे जवळजवळ गेलेच नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी नणंद पायरीवर येऊन बसलेली.

"वहिनी, माझी चूक झाली," ती म्हणाली.

डागवालीनं कुलूप काढलं, शटर वर ढकललं. तीन दिवस तिनंही विचार केला होता. "वन्सं, तुमच्यासारखी बावीस वर्षं ऐकत आलेली जाणती बाई जर असा तुकडा लावते, तर चाळीस जणांत चार जण लावणारच," ती म्हणाली. "चुकीच्या जोडणीनं मरते ती पेटीच चुकीची. या आत. आता मी पेटी केली की तुम्ही ती मारायचा प्रयत्न करायचा."

नणंदेला हे काम फार मानवलं. पुढचे दोन आठवडे डागवालीनं एक पहारेकरी मंडल बसवलं, जे तोंडात काही भलतंच शिरलं की कामकऱ्यांना तत्क्षणी थांबवी आणि अडथळा निघाला की पुन्हा कामाला लावी. नणंद रोज दुपारी येऊन जमतील तितक्या चुकीच्या पद्धतींनी काहीबाही खुपसे. चौथी पेटी सगळ्याला पुरून उरली.

चाचणीच्या दिवशी संग्रहालयाच्या मोठ्या खोलीत पडद्याआड पाच पेट्या मांडल्या होत्या. पडद्याच्या अलीकडे सहा ऐकणारे. नणंद त्यांत नव्हती. नात्यातल्या माणसाची पेटी आहे म्हणून तिनं स्वतःच नाव काढून घेतलं होतं आणि ती बाहेर बाकावर बसली होती. पडद्यापलीकडे प्रत्येक पेटीशेजारी तिचा बनवणारा उभा. चौघे कंपन्यांचे, इस्त्रीच्या कपड्यांतले. तिसऱ्या क्रमांकाशी, आपली चौथी पेटी घेऊन, डागवाली. संग्रहालयाच्या इंजिनीअरसाहेबांनी तिला कंपनीचं नाव विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं, "कुलपांचं दुकान." साहेबांनी ते तसंच लिहून घेतलं.

पहिली पेटी ठीक वाजली. सगळ्यांना सारखाच हेडफोन हवा म्हणून साहेबांनी एक तीन तारांचा थोरला हेडफोन आणि त्याला एक मधला जोडतुकडा घेतला होता. पहिल्या पेटीला चार तारांचं तोंडच नव्हतं, त्यामुळे तिथे तुकड्याची गरज पडली नाही. दुसरीला तो लागला. आवाज आलाच नाही. डागवालीच्या नाकात ओळखीचा वास शिरला. कंपनीच्या माणसाचा चेहरा पांढराफटक पडला. साहेब म्हणाले, नमुना सदोष दिसतो, आणि तोच तुकडा त्यांनी तिसऱ्या पेटीत घातला. ती गप्प झाली.

"हीसुद्धा गेली," साहेब म्हणाले आणि त्यांनी लिहायला पेन उचललं.

"गेली नाही साहेब, तोंड मिटून बसलीय," डागवाली म्हणाली. "तो मधला तुकडा काढा."

साहेबांनी भुवई चढवली, पण तुकडा काढला. डागवालीनं पिशवीतून चार तारांची दोरी काढून हेडफोनला जुन्या दोरीच्या जागी लावली आणि पेटीत घातली. पडद्याच्या अलीकडून एक ऐकणारी म्हणाली, "आलं, आवाज आला." तुकड्यात परतीच्या तारा कशा एकत्र होतात, ते मग डागवालीनं साहेबांना कागदावर काढून दाखवलं. आपली पेटी वाजल्यावर ती गप्प बसली असती तर चौथी आणि पाचवीही आपोआप बाद झाल्या असत्या. ते तिच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. पण अठरा वर्षं तपासणीच्या खोलीत काढलेल्या बाईला डोळ्यांदेखत धडधाकट यंत्र जळताना बघवणार नव्हतं. "दोन नंबरची पेटीही सदोष नव्हती," ती म्हणाली. "त्यांच्याकडे दुसरा नमुना असेल तर घ्या. माझी दोरी चार तारांच्या सगळ्या पेट्यांना वापरा."

त्या माणसाकडे दुसरा नमुना होता. त्यानं तो काढताना डागवालीकडे बघून दोन्ही हात जोडले. पहिली सोडून चारही पेट्या तिच्याच दोरीनं वाजल्या.

निकाल त्याच दुपारी लागला. सोयीसुविधांच्या रकान्यात तिसरी पेटी शेवटची आली. तिला ना पडदा, ना दिवे, ना बिनतारी. थोरल्या हेडफोनवर सहापैकी पाच जणांनी तिला पहिली पसंती दिली. चिमुकल्या इअरफोनवर सहाच्या सहा जणांनी. साहेबांनी ऐकणाऱ्यांना कारण विचारलं. त्यांतला सगळ्यात वयस्कर माणूस उठून उभा राहिला. चाचणीसाठी लावलेला हा टेप आपण अकरा वर्षं ऐकतो आहोत, असं त्यानं सांगितलं. "आज पहिल्यांदा मला बोलणाऱ्या बाईच्या मागचं घड्याळ ऐकू आलं," तो म्हणाला. "त्या खोलीत घड्याळ होतं, हे मला माहीतच नव्हतं."

साहेबांनी वही मिटली आणि डागवालीपुढे येऊन विचारलं, चाळीस पेट्या किती दिवसांत द्याल? तिनं सांगितलं, तीन महिने.

बाहेर बाकावर नणंद ताठ बसली होती. तिनं वहिनीचा चेहरा पाहिला, आणि तो पाहायचीही गरज नव्हती, कारण दारापलीकडचं सगळं तिला शब्दन् शब्द ऐकू आलं होतं. तिनं उठून वहिनीला मिठी मारली. तशी ती पूर्वी कधी मारलेली नसल्यामुळे कुणाचा हात कुठे ठेवायचा याचा थोडा गोंधळ झाला. मग दोघी तिथल्या शिपायासमोर पोट धरून हसल्या.

तीन महिने एकट्या बाईला पुरणार नव्हते. डागवालीनं जुनी वही काढून कारखान्यातल्या बायकांचे पत्ते शोधले. अकरा जणी सापडल्या, सहा जणी आल्या. एक आता पोळीभाजी करून विकत होती, एक नातवंडं सांभाळत होती. कथलाचा वास नाकात जाताच सगळ्यांचे हात आपापल्या जागी परत आले. दुकानामागच्या कोठीतली जुनी कुलपं हलवून तिथे लांब टेबल टाकलं. नवरा डब्या कोरत होता. त्यानं त्या दिवसांत तीन पूर्ण वाक्यं बोलल्याची नोंद आहे. नणंद संध्याकाळी नोकरीवरून येऊन तयार पेट्या ऐके आणि चाळीसांपैकी पाच तिनं परत पाठवल्या. बायकांनी तिला नावं ठेवली, पण पेट्या मुकाट्यानं दुरुस्त केल्या, कारण पाचही वेळा ती बरोबर होती. ठरल्या मुदतीच्या सहा दिवस आधी चाळीस पेट्या संग्रहालयात पोचल्या, आणि महिनाभरात दुसऱ्या दोन संग्रहालयांकडून विचारणा आली. दुकानाच्या पाटीवर नवऱ्यानं आपल्या हातानं नवी ओळ रंगवली आणि ती आपल्या ओळीपेक्षा मोठ्या अक्षरांत रंगवली.

पेट्या पोचवल्या त्या दिवशी नणंदेनं डागवालीला आपल्या खुर्चीवर बसवलं, थोरला हेडफोन तिच्या डोक्यावर चढवला आणि एक टेप लावून दिला. कुणी एक विहिरी खणणारा माणूस आपल्या आयुष्याबद्दल बोलत होता. खडक कसा ओळखायचा, पाणी लागायच्या आधी मातीचा वास कसा बदलतो, भाऊ एकदा कसा वर यायलाच तयार नव्हता. डागवालीनं महिनोन् महिने फक्त सुरसुर, खरखर आणि डोकावणं ऐकलं होतं. आधी सवयीनं ती तेच शोधत राहिली. मग तो माणूस भावाची गोष्ट सांगू लागला आणि ती खुदकन हसली. पुढे तासभर ती विहिरीच्या काठावर बसून होती. टेप संपल्यावर नणंदेनं विचारलं की आवाज कसा होता. तिकडे डागवालीचं लक्षच गेलं नव्हतं. त्या भावाचं पुढे काय झालं, दुसरा टेप आहे का, एवढंच तिनं विचारलं.